‘टायगर’ रणगाडा : एकास पस्तीस

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘टायगर’ रणगाडा तोफेच्या टोकापासून मागच्या बाजूपर्यंत सुमारे साडेआठ मीटर लांब, ३.७ मीटर रुंद आणि ५७ टन वजनाचा होता. १:३५ या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली की लांबी २४ सेंटिमीटर, रुंदी साडेदहा सेंटिमीटर भरते; म्हणजे शाळकरी मुलाच्या फूटपट्टीहूनही आखूड. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून अशी प्रतिकृती उभी करण्याचा छंद जपानपासून युरोपपर्यंत लाखो प्रौढ माणसे गांभीर्याने जोपासतात. आपल्याकडेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याचे निष्ठावंत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा चिकाटीचा आणि बारीक हातकामाचा खेळ वाटतो. तो तसा आहेच. पण त्यात खरी कसोटी लागते ती इतिहासाच्या जाणिवेची.

याचे कारण साधे आहे. ‘टायगर’ नावाचा एकच एक रणगाडा कधी अस्तित्वात नव्हता. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत कासेल येथील हेन्शेल कंपनीच्या कारखान्यातून सुमारे साडेतेराशे टायगर बाहेर पडले आणि त्या काळात त्यांच्या रचनेत सतत फेरफार होत राहिले. टरेटवरील कमांडरचा घुमट बदलला, इंजिन बदलले, चाके बदलली, अंगावरचा लेप आला, रंग पालटला. त्यामुळे ‘मी टायगर करतो आहे’ असे म्हणणाऱ्याला जाणकार लगेच विचारतो, ‘कोणता? कोणत्या महिन्यातला?’ या प्रश्नाचे उत्तर न ठरवता डबा उघडला, तर दोन महिन्यांच्या मेहनतीनंतर जे हाती येते ते देखणे असेलही, पण तसा रणगाडा कोठल्याही रणांगणावर कधी उभा राहिलेला नसतो.

१:३५ आले कोठून?

हे विचित्र प्रमाण कोणा लष्करी अभियंत्याने ठरवलेले नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. आत मोटार आणि दोन सेल मावले पाहिजेत, या गरजेतून तिचा आकार ठरला. ती खपली. मग याच मापात इतर देशांचे रणगाडेही करावेत असा विचार शुनसाकू तामिया यांच्या मनात आला आणि त्यांनी पँथरची मापे पडताळून पाहिली, तेव्हा प्रमाण साधारण एकास पस्तीस निघाले. पुढे इतर उत्पादकांनीही तेच उचलले. आज हाँगकाँगची ड्रॅगन असो वा चीनमधील नव्या कंपन्या, रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जग मुख्यतः याच मापात चालते. दोन सेलच्या जाडीने अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे माप ठरवून टाकले, असे म्हणायला हरकत नाही.

एक रणगाडा, एक दिवस

उदाहरणासाठी आपण ‘टायगर १३१’ घेऊ. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथील टँक म्युझियममध्ये तो आजही आहे आणि स्वतःच्या बळावर चालणारा जगातील एकमेव टायगर-१ म्हणून ओळखला जातो. टरेटवरील आकड्याचा अर्थ सरळ आहे : पहिल्या कंपनीतील तिसऱ्या तुकडीचा पहिला रणगाडा. ५०४ व्या जड रणगाडा बटालियनचा हा टायगर फेब्रुवारी १९४३ च्या सुमारास तयार झाला, समुद्र ओलांडून ट्युनिशियात पोहोचला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या हाती पडला. सगळे लढाऊ आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचे. ही बाब ध्यानात ठेवावी. रंगकामाच्या वेळी ती फार उपयोगी पडते.

तो पडला कसा, हेही प्रतिकृतिकाराला ठाऊक हवे. ब्रिटिश ‘चर्चिल’ रणगाड्यांच्या ६ पौंडी तोफांचे गोळे त्याला लागले. एक गोळा तोफेच्या नळीला खालून घासून टरेट आणि धड यांच्या सांध्यात शिरला आणि टरेट फिरेनासे झाले. दुसरा टरेट उचलण्यासाठी असलेल्या कडीच्या खुंटावर बसला. तिसरा तोफ भरणाऱ्याच्या झडपेवर आदळला व त्याचे तुकडे आत उडाले. चिलखत भेदले गेले नव्हते, इंजिन शाबूत होते. तरीही आतल्या जर्मन सैनिकांनी जखमींना घेऊन रणगाडा सोडला. बरीच वर्षे या घटनेची तारीख २१ एप्रिल आणि स्थळ जेबेल जाफा असे सांगितले जात असे. नंतरच्या संशोधनाने ती मेजेझ-एल-बाबजवळच्या गेरियात-एल-अताच येथील २४ एप्रिलच्या लढाईशी जोडली. प्रसिद्ध वस्तूची छापील माहितीही सत्तर वर्षांनी बदलू शकते, याचा हा चांगला नमुना.

एप्रिल १९४३ हा महिना ठरला की पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात. कमांडरचा घुमट सुरुवातीच्या पद्धतीचा, उभट डब्यासारखा, बघण्यासाठी फटी असलेला. टरेटच्या उजव्या मागील बाजूस बाहेर पडण्याची गोल झडप. टरेटच्या दोन्ही अंगांना धूर सोडणाऱ्या तीन-तीन नळ्या. मागे, इंजिनच्या दोन्ही बाजूंना, धुळीच्या प्रदेशासाठी बसवलेली ‘फायफेल’ हवा-गाळणी आणि तिच्या जाड नळ्या. चाकांच्या कडेला रबर. डब्यात याहून नंतरच्या आवृत्तीचे भागही पुष्कळदा असतात, कारण उत्पादक एकाच साच्यातून तीन-चार आवृत्त्या विकतो. ते भाग बाजूला काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. रात्री उशिरा, डोळे थकलेले असताना नेमका नको तो तुकडा चिकटवला जातो.

हमखास होणारी चूक ‘झिमेरिट’ या लेपाची. चुंबकीय सुरुंग चिलखताला चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा, रंगद्रव्य इत्यादींचा हा सिमेंटसारखा लेप रणगाड्यांवर थापायला सुरुवात केली ती १९४३ च्या उत्तरार्धात आणि सप्टेंबर १९४४ मध्ये ती बंदही केली. त्याच्या आडव्या खाचा प्रतिकृतीवर फार सुंदर दिसतात. इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन बारीक दातेरी पट्टीने त्या उठवण्याचे कसब दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पण आफ्रिकेतला टायगर झिमेरिट निघण्यापूर्वीच संपला होता. ट्युनिशियाच्या टायगरवर झिमेरिट म्हणजे शिवकाळाच्या देखाव्यात विजेचा खांब.

जाडीचा प्रश्न

प्रतिकृतीचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि ‘स्प्रू’ म्हणतात त्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते हाताने मोडून काढू नयेत. बारीक पक्कड वापरून थोडे दूर कापावेत, उरलेला खुंट कटरने छाटावा आणि पॉलिश पेपरने घासावा. साच्याच्या दोन भागांतील सांध्याची रेघ प्रत्येक गोल भागावर असतेच. तोफेच्या नळीवर ती राहिली की सारे काम बाळबोध दिसते. द्रव सिमेंट हा गोंद नव्हे. तो प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणूनच तो थोडा पुरे असतो. जोडण्याआधी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत. साच्यातील तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

तपशील भरण्याचे काम येथून सुरू होते आणि त्याचा पाया गणितात आहे. टायगरचे पुढचे चिलखत १०० मिलिमीटर जाड होते. पस्तिसाव्या हिश्श्यात ते २.९ मिलिमीटर होते. प्लास्टिकला ही जाडी सहज जमते. परंतु साखळीवरचे मडगार्ड पातळ पत्र्याचे होते. प्लास्टिकचा मडगार्ड एक मिलिमीटर जाड असला, तरी खऱ्या मापात तो ३५ मिलिमीटरची पोलादी लादी ठरतो. हीच गत साहित्य अडकवण्याच्या पट्ट्यांची, इंजिनवरील जाळीची. म्हणून अशा ठिकाणी पितळेच्या अतिपातळ पत्र्यातून आम्लाने कोरून काढलेले भाग वापरतात. त्यांना ‘फोटो-एच’ म्हणतात. खऱ्या मडगार्डप्रमाणे ते चिमट्याने हलके वाकवता येतात, पोचवता येतात. पितळेचे भाग विकत आणायचे नसतील, तर निदान प्लास्टिकची दिसणारी कड आतून तासून पातळ करावी. नजर जाडी ओळखते ती कडेवरूनच.

बाकी पुष्कळ काही घरात सापडते. ओढण्यासाठीच्या दोराकरिता विजेच्या वायरमधील तांब्याच्या बारीक तारा पिळून घ्याव्यात. डब्यात मिळणारा दोरा त्यापुढे फिका पडतो, कारण त्याचे तंतू कालांतराने उभे राहतात. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढला की केसाएवढी तार निघते. ती सांध्यात बसवून सिमेंटने मऊ केली आणि कटरच्या टोकाने टोचत गेले, की वेल्डिंगची रेघ तयार होते. टायगरचे पत्रे एकमेकांत खाचा करून गुंतवलेले आणि मग वेल्ड केलेले होते, त्यामुळे या रेघांना महत्त्व आहे. टरेटची दोन्ही अंगे आणि पाठ तर एकाच जाड पत्र्याला घोड्याच्या नालासारखा बाक देऊन केलेली होती. तेथे मधे कोठे सांधा दिसला तर तो लांबी भरून बुजवलाच पाहिजे.

आणि ते तीन तडाखे? ६ पौंडी तोफेचा व्यास ५७ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १.६ मिलिमीटर. नळीच्या खालची घासलेली खोबण, उचलण्याच्या खुंटाची मोडतोड आणि झडपेवरची खोक बारीक कानस आणि तापवलेल्या सुईने करता येते. दुकानातील कोणत्याही महागड्या जोडभागापेक्षा हा तपशील अधिक बोलका आहे. मात्र तो करायचा तर टरेट सरळ समोर ठेवून मोकळेपणाने फिरते सोडण्यात अर्थ नाही. ते अडकले होते, हीच तर त्या दिवसाची गोष्ट.

चाके आणि साखळी

टायगरची चाके एकमेकांत गुंफलेली असत : प्रत्येक बाजूस आठ आस, त्यांवर एकूण २४ चाके. वजन विभागले जाई आणि जड असूनही गाडी जमिनीवर बरी चाले. पण आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची नऊपर्यंत चाके उतरवावी लागत. रशियात या चाकांमध्ये चिखल गोठून रणगाडे जागीच अडकत. मापनकाराला हा त्रास वेगळ्या रूपात भोगावा लागतो. चाके बसवल्यानंतर आतल्या रांगेपर्यंत कुंचला पोचत नाही, म्हणून ती रंगवूनच बसवावी लागतात. अठ्ठेचाळीस चाके, प्रत्येकाला रबराची कड. रबर काळेभोर रंगवू नये. धुळीतले रबर करड्या रंगाकडेच झुकते.

साखळीचे प्रत्येक बाजूस ९६ दुवे. रुंदी ७२५ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत पावणेएकवीस. रेल्वेने नेताना इतकी रुंद साखळी मावत नसे. तेव्हा बाहेरची चाके काढून ५२० मिलिमीटरची अरुंद साखळी चढवत. डब्यात बहुधा मऊ रबरी पट्ट्यासारखी साखळी असते किंवा एकेक दुवा वेगळा येतो. दुसरा प्रकार किचकट, पण पत्करण्याजोगा. टायगरला साखळीची वरची बाजू पेलणाऱ्या वेगळ्या कप्प्या नव्हत्या. ती स्वतःच्या वजनाने चाकांच्या माथ्यांवर टेकलेली असे. हा झोळ आला नाही, तर सत्तावन्न टनांचा भास होत नाही.

रंग : संयमाची परीक्षा

जर्मन रणगाडे युद्धाच्या पूर्वार्धात गडद करड्या रंगाचे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये मूळ रंग म्हणून गडद पिवळा ठरवण्यात आला आणि त्यावर तुकड्यांनी आपल्या गरजेप्रमाणे हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे मारावेत अशी पद्धत आली. आफ्रिकेसाठी याआधीच वेगळ्या तपकिरी आणि करड्या छटांचे आदेश निघालेले होते. जुन्या छायाचित्रांत छटा फसव्या दिसतात. संग्रहालयातील टायगरही नंतर पुन्हा रंगवलेला आहे. त्यामुळे बाटलीवर छापलेल्या नेमक्या क्रमांकावरून भांडत बसण्यात फारसा अर्थ नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एवढ्या लहान पृष्ठावर रंग मूळ छटेपेक्षा थोडा उजळ घेतला तरच तो लांबून पाहिल्यासारखा नैसर्गिक वाटतो, हे अधिक महत्त्वाचे.

क्रम साधारण असा : प्रायमर, त्यावर एअरब्रशने मूळ रंगाचे दोन-तीन पातळ थर, मग चकचकीत वॉर्निश. चिन्हे, म्हणजे ‘डिकॅल’, या गुळगुळीत थरावरच लावावीत. खरबरीत पृष्ठावर त्यांच्याखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. १३१ हा आकडा लाल, कडेला पांढरी रेघ. धडावर काळा-पांढरा ‘बाल्केनक्रॉइझ’ क्रॉस. मग पातळ केलेल्या तपकिरी तैलरंगाचा ‘वॉश’ खाचांत आणि खिळ्यांभोवती सोडायचा, कडांवर जवळपास कोरड्या कुंचल्याने उजळ छटा फिरवायची आणि शेवटी मॅट वॉर्निश. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि कोरड्या कुंचल्याची ही जोडी जगभर लोकप्रिय केली. आपल्या हवामानात एक पथ्य जरूर पाळावे : पावसाळ्यातील दमट दिवशी लॅकर मारू नये, बाष्पामुळे त्यावर पांढुरकी झाक येते.

यानंतर येतो ‘जुनेपणा’ आणि येथेच बहुतेकांचा तोल जातो. खपल्या निघालेला रंग, गंजाचे ओघळ, तेलाचे डाग करण्याची साधने आता बाटल्यांतून तयार मिळतात, आणि मिळतात म्हणून वापरली जातात. परंतु आपला टायगर दोन महिन्यांचा आहे. त्याच्या चिलखतावर गंजाचे ओघळ यायला वेळच मिळालेला नाही. त्याला हवी धूळ : धडाच्या खालच्या भागात, चाकांत, मागच्या बाजूस, माणसांच्या चढण्या-उतरण्याच्या जागी जरा पुसलेली. साखळीचा जमिनीला लागणारा भाग आणि झडपांच्या कडा पेन्सिलीच्या शिशाने घासून चमकवाव्यात. धुळीसाठी पेस्टल खडूची पूड चालते. अंगणातली माती वापरू नये. तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण प्रतिकृतीत सतरा मिलिमीटरचा खडा होतो.

तळपाटावर वाळूचे ढीग करण्याची चालही अशीच ऐकीव समजुतीची. ‘आफ्रिका’ म्हटले की सहारा डोळ्यांपुढे येतो. पण मेजेझ-एल-बाबचा परिसर मेजेर्दा नदीच्या खोऱ्यातील टेकड्यांचा आणि धान्याच्या शेतांचा आहे. एप्रिलमध्ये तेथे हिरवळ असते. टायगर १३१ खाली हिरवे शेत दाखवणारा माणूस प्रदर्शनात टीका ऐकेल, पण चूक त्याची नसेल. याच खोऱ्यात पंधरवड्याने, ६ मे रोजी, ट्युनिसवरच्या अखेरच्या हल्ल्यात चौथी भारतीय डिव्हिजन उतरली आणि १२ मे रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम याच डिव्हिजनच्या ताब्यात आला.

दुसरा दिवसही निवडता येतो. जून १९४३ मध्ये पकडलेला १३१ ट्युनिसमध्ये राजे सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान चर्चिल यांना दाखवण्यात आला. तेव्हा त्याच्यावर ब्रिटिश तुकड्यांची चिन्हे रंगवलेली होती. पुढे लंडनमध्ये तो जनतेसाठी मांडला गेला, मग अभ्यासासाठी उकलला गेला. १९५१ मध्ये तो संग्रहालयाकडे आला आणि १९९० पासून चाललेल्या दुरुस्तीनंतर डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा चालला. २०१४ च्या ‘फ्युरी’ चित्रपटातील टायगर तो हाच.

दुकानातली फळी आणि रणांगण

एक गोष्ट अवघडल्यासारखी वाटली तरी टाळू नये. प्रतिकृतींच्या दुकानातील फळीवर जर्मन रणगाड्यांचे वर्चस्व असते, त्यातही टायगरचे. प्रत्यक्षात साडेतेराशे टायगरसमोर अमेरिकेने सुमारे ४९ हजार ‘शर्मन’ बांधले आणि सोव्हिएत रशियाने ‘टी-३४’ त्याहूनही अधिक. टायगरची दहशत खरी होती, पण त्यातले कित्येक बिघाडाने किंवा इंधनाअभावी त्यांच्याच सैनिकांनी सोडून दिले किंवा उडवून दिले. ज्या कासेलच्या कारखान्यात ते बनले, तेथे युद्धकाळात सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबवले जात होते. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६-अ कलमामुळे नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आहे आणि म्हणून डब्यांवरच्या चित्रांतून स्वस्तिकचिन्ह गाळलेले असते. ते योग्यच. परंतु चिन्ह गाळून रणगाडा निव्वळ ‘अभियांत्रिकीचा चमत्कार’ म्हणून उरावा, हेही बरोबर नाही. म्हणून अडकलेल्या टरेटचा, रिकाम्या उघड्या झडपांचा १३१ हा वेगाने धावणाऱ्या, विजयी मुद्रेच्या सैनिकांनी भरलेल्या टायगरपेक्षा अधिक खरा वाटतो.

बोव्हिंग्टनला जाणे सर्वांना शक्य नाही. तेथे ‘टायगर डे’ला हा रणगाडा मैदानात फिरवतात आणि त्याची चित्रफीत मात्र कोणालाही पाहता येते. त्याआधी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जाऊन यावे. तेथे लष्कराचे १९९४ मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. टायगर तेथे नाही. पण त्याला अडवणाऱ्या ‘चर्चिल’ कुळातला, नंतरच्या आवृत्तीचा एक रणगाडा आहे. ‘मॅटिल्डा’ आणि ‘व्हॅलेंटाइन’ आहेत. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा आणि लाटलेल्या पत्र्याचा पोत यांतला फरक, झडपांची खरी जाडी, उन्हापावसात रंग कोठे आधी विटतो आणि कोठे मुळीच विटत नाही, हे सारे तेथे दोन हातांच्या अंतरावरून दिसते.